खालचा डावा कोपरा

‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य आहे’ अशी बटणं खटाखट दाबत भावजय संगणकावर नवं सॉफ्टवेअर बसवत होती आणि शेजारी उभी असलेली नणंद एकेक ओळ वाचल्याशिवाय तिला सोडत नव्हती.

“थांब. ‘स्क्रिप्टिंगची सोय’ हे काय? त्याच्यापुढची खूण आपण नाही केली.”

“फोटोच्या सॉफ्टवेअरबरोबर हल्ली ती आपोआपच येते, वन्सं. पूर्वी वेगळी शोधून बसवावी लागायची. चार ओळी लिहून दिल्या की फोटोतली कामं ते आपलं आपण करतं. दाणेसुद्धा मोजेल.”

“मोजू दे की. बघू तरी.”

बियाणं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत भावजय काळ्या ताटलीत पसरलेल्या दाण्यांचे फोटो काढायची आणि नणंद ते पडद्यावर मोजायची. एकोणीस वर्षांत तिचा आकडा कुणी पुन्हा मोजला नव्हता. तिने सांगितलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

दुपारपर्यंत स्क्रिप्ट तयार झाली. नणंदेने डावा डोळा मिटला आणि नजर ताटलीच्या मध्यावर रोखली. भिंगातून मोजायच्या दिवसांपासूनची तिची ही रीत. दोनशे बारा. स्क्रिप्टने मोजले दोनशे एकोणीस.

“तुझं यंत्र कचऱ्यालाही दाणे म्हणतंय.”

“म्हणत असेल,” भावजय म्हणाली. या विषयात नणंदेशी वाद घालायची घरातही कुणाची टाप नव्हती.

पण नणंदेलाच चैन पडेना. तिने जुन्या फोटोंवरही स्क्रिप्ट चालवायला लावली. सहा वर्षांपूर्वीचे आकडे तिच्या नोंदींशी तंतोतंत जुळले. पाच वर्षांपूर्वीचेही. मग एका दाण्याचा फरक, मग तिनांचा, आणि आता सातांचा.

“जुन्या फोटोंत हुशार आणि नव्यांत मठ्ठ, असं कसं गं होईल?” तिचा राग केव्हाच मागे पडला होता. आता तिला फक्त कळायला हवं होतं.

भावजयीने स्क्रिप्टला मोजलेल्या प्रत्येक दाण्यावर लाल ठिपका द्यायला लावला. नणंदेने नेहमीसारखा डावा डोळा मिटून आपले हिरवे दिले. नुसते लाल राहिलेले सातही दाणे खालच्या डाव्या कोपऱ्यात होते. दुसऱ्या फोटोतही तिथेच. तिसऱ्यातही.

“हे बघा, इथे,” म्हणत भावजयीने पडद्यावर बोट टेकवलं.

नणंदेची नजर बोटाकडे गेली. होते की दाणे, चांगले टपोरे. तिने डावा डोळा मिटला, नजर पुन्हा मध्यावर आणली.

“बोट का काढलंस?”

“ठेवलंय की.”

तिने डावा डोळा उघडला. बोट तिथेच होतं. मिटला, तर कोपऱ्यात नुसती काळी ताटली.

“काय झालं? स्क्रिप्टचं कुठे चुकतंय, सापडलं का?”

“तिचं नाही चुकत.” नणंद खुर्चीत बसली. “वहिनी, डोळ्यांचे डॉक्टर आज किती वाजेपर्यंत असतात?”