खोड सांगून

छगन हेडी सकाळच्या पारी भैरोबाच्या देवळात आला, गळ्यातल्या दाव्याचं दुसरं टोक त्यानं सभामंडपाच्या खांबाला बांधलं आणि खाली बसला. दावं त्याच्याच गळ्यात होतं आणि बांधलंही त्यानंच. गुरव बहिणीकडे गेला होता, म्हणून त्याची बायको रंगुबाई गाभारा झाडत होती. तिला दाव्याची घंटा ऐकू आली.

"कुनाचा रं बैल देवळात?" ती आतनंच ओरडली.

"दे-दे-देवाचा," छगन म्हणाला. "परत आनलाय."

रंगुबाई केरसुणी घेऊनच बाहेर आली. बघते तर छगन! आता बोला. चांगला घोड्यासारखा बाप्या, डोक्याला पटका, पायात वहाणा आणि गळ्यात दावं.

हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी, आणि हेडी म्हटलं की चार माणसं जरा सावरून बसतात. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासायची, अंगाला तेल चोळायचं आणि तरणा म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा, ही त्यांची ख्याती. पण छगन त्यातला नव्हता. घोडेगावच्या बाजारात तो उभा राहिला की गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायचा, "ह्यो ब-ब-बसका हाय. उन्हात औताला ब-बसतो." त्याचं बोलून होईस्तोवर गिऱ्हाईक दुसरे दोन बैल बघून यायचं, पण शेवटी बैल छगनकडूनच न्यायचं. कारण बाजाराचा कायदा जुना होता. खोड सांगून विकलं तर सौदा पक्का. खोड लपवून विकलं तर घेणाऱ्यानं जनावर दाव्यासकट आणून विकणाऱ्याच्या दारात बांधायचं, आणि पंच निकाल देईपर्यंत त्याची वैरण विकणाऱ्यानं करायची. छगनच्या दारात असं जनावर कधी बांधलं गेलं नव्हतं. साऱ्या जन्मात त्याच्याजवळ अभिमान धरण्यासारखी हीच एक गोष्ट होती.

बाकीचं काय सांगावं! डावा डोळा तिरळा, दात ओठाबाहेर, जीभ अडखळती. शाळेत घातला तर पाढे त्याच्या जवळून जायचे आणि पुढच्या पोराच्या डोक्यात शिरायचे. बरं, असतात अशी माणसं, कुणी मनावर घेत नाही. पण छगनच्या पाठोपाठ, त्याच पोटातून, त्याच दिवशी राधाकृष्ण आला होता. जुळा भाऊ! आणि तो कसा? नाक चाफेकळी, रंग गव्हाळ, गळा असा की भजनाला बसला की बायका चुलीवरचं दूध विसरायच्या. पेटी वाजवायचा, फडात कुस्ती मारायचा, वर मॅट्रिक पास. देवानं दोन ताटं वाढायला घेतली आणि सगळं एकातच ओतून हात धुतले, असा तो कारभार.

एवढंही छगननं आजवर गिळलं होतं. पण आज मिरजगावहून मच्छिंद्र नावाचा गृहस्थ आपल्या मुलीसाठी छगनला बघायला येणार होता. आणि छगनच्या आईनं, गोजरबाईनं, बेत आखला होता की बघायला बसवायचं राधाकृष्णाला, छगन म्हणून. राधाकृष्णाचं लग्न झालेलं होतं, बायको पहिलटकरीण म्हणून माहेरी गेलेली. म्हणजे घरात सोय होती. बोहल्यावर मुंडावळ्या बांधल्यावर कोण तोंड बघतंय!

"आये, ही ख-खोड लपवनं झालं," छगन म्हणाला होता.

"मग दाव की तुझं त्वांड! ह्या तोंडाला कोन पोरगी दील? मला इचारू नगं. ज्यानं दिलं त्याला इचार."

आईनं रागानं म्हटलं, आणि छगननं खरं धरलं. कुणी काही सांगितलं तर ते तसंच करायचं, ही त्याची आणखी एक खोड.

"मला खो-खोड न सांगता दिलं," तो रंगुबाईला म्हणाला. "भैरोबानं परत घ्यावं न्हाईतर ब-बदलून द्यावं. आन निकाल लागंस्तवर वै-वैरन तुमच्याकडं."

"माझ्याकडं का रं मुडद्या?"

"देवाचं दा-दार तुमच्याकडं हाय."

रंगुबाईनं कपाळावर हात मारला. पण कायदा तिलाही ठाऊक होता. शिव्या देत देत ती घरात गेली आणि चूल पेटवून भाकरी थापायला बसली.

बातमी गावभर झाली. बाजाराला निघालेले हेडी बैल तिथंच पिंपळाला बांधून देवळात येऊन बसले. कुणी हसलं नाही, हे विशेष. परत आलेल्या मालाची गोष्ट हेडी लोक हसण्यावारी नेत नाहीत. दावा रीतसर होता. अडचण एकच, पंच कोण? गावातला जो तो भैरोबाचा भक्त. देवाविरुद्ध निकाल द्यायचा म्हणजे घरी बायकापोरं होती सगळ्यांना. मग कुणाला तरी इसहाक मास्तर आठवले. मास्तर ख्रिस्ती, गावच्या शाळेवर होते. त्यांना खडूच्या हातानंच बोलावून आणलं.

"मास्तर, तुमचा देव येगळा. म्हंजे तुमी तिऱ्हाईत."

"अरे, देव एकच असतो," मास्तर सवयीनं म्हणाले.

"मंग तर तुमीबी त्याच्याच बाजूचे!"

मास्तरांनी हाताचा खडू झटकला आणि ते पंच म्हणून पायरीवर बसले. मास्तरांचं तोंड लहानपणी निघालेल्या देवीच्या वणांनी भरलेलं होतं. रंगुबाईनं भाकरी आणताना त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बरंच झालं. देव तुमचा असंना, देवी तर आमचीच हाय की तोंडावर." मास्तरांनाही हसू आलं.

"घेणारा कोण?" मास्तरांनी विचारलं.

घेणारी गोजरबाई. नवस तिनं केला होता. तिला हाताला धरून आणली. ती पाहुण्यांसाठी पुरण वाटत होती, हात तसेच माखलेले. मागोमाग राधाकृष्णही आला, नव्या धोतरात, जरीचा फेटा बांधून, नवरदेव म्हणून बसायला तयार.

"नवस बोलताना काय बोली केली होती, गोजरबाई? शब्द आठवून सांगा."

"न आठवाया काय झालं? लई वर्सं पोटपानी पिकलं न्हवतं. ह्या हितंच डोकं टेकलं आन म्हनलं, देवा, कसलंबी दे, पर दे."

हेडी लोकांत एकदम गलका झाला. "कसलंबी म्हनली? संपलं! बघून घेतल्याला माल! आता परत न्हाई!"

"थांबा," एक म्हातारा हेडी उठला. "बाईनं मागितलं एक. आलं दोन. मंग सौद्यातलं कोनतं आन वर टाकल्यालं कोनतं?"

हा मुद्दा मोठा होता. बराच वेळ खल झाला. 'कसलंबी' म्हटल्यावर जो आला तो छगन, म्हणून छगन सौद्यातला. राधाकृष्ण मागून आलेला, देवानं शेरभर मिरच्यांवर मूठभर कोथिंबीर टाकावी तसा फुकटचा. राधाकृष्णाचं तोंड लाल झालं.

"मी फुकटचा? मी मॅट्रिक हाय!" तो ओरडला. "आये, सांग की ह्यांना!"

पण गोजरबाईला मनातनं हिशोब पटला असावा. ती बोटांवरचं पुरण खरवडत राहिली.

छगन उठून उभा राहिला. दावं ताणलं गेलं. "मला कायदा न-नको," तो म्हणाला, आणि त्याच्या तिरळ्या डोळ्यातनं पाणी आलं. "मला येवढंच सांगा. येकाच प-पोटातनं आलो. त्याला समदं दिलं, मला क-का न्हाई? मी जल्माला यायच्या आदी काय पाप केल्तं? देव हाय म्हनायचं, तर त्यो असा क-कसा? आन न्हाई म्हनायचं तर मी कुनाशी भांडू?"

सगळ्यांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी वणांच्या गालावरून हात फिरवला.

"छगन, मी पोर असल्यापासून हेच विचारतोय," ते म्हणाले. "दर रविवारी विचारतो. अजून तरी मला कळलेलं नाही."

एवढ्यात दारात एक परका माणूस येऊन उभा राहिला. धुळीनं भरलेला, हातात पिशवी. नगरला एष्टी बदलून मिरजगावचा मच्छिंद्र वेळेच्या आधीच पोचला होता, आणि घराला कुलूप बघून माणसांच्या आवाजाच्या दिशेनं आला होता.

गोजरबाईनं पुरणाचे हात पदराला पुसले आणि राधाकृष्णाला पुढं ढकललं. "या पावनं! ह्यो बगा आमचा छगन."

मच्छिंद्रानं राधाकृष्णाला पाहिलं. मग खांबाकडं पाहिलं. "आन ह्यो बांदल्याला कोन?"

"त्यो व्हय? त्यो... नवसाचा हाय," गोजरबाई म्हणाली. बाई खोटं बोलली असं कुणाला म्हणता आलं नाही.

"मी छ-छ-छगन!" छगन ओरडला. बाजारात ओरडतो तसाच. "त्यो रा-राधाकृष्ण. त्याचं लगीन झालंय. नवरा मी. डोळा ति-तिरळा हाय. दात पुढं हायेत. त-तोतरा हाय. शाळा आली न्हाई. मारका न्हाई, कामाला स-सरळ हाय. बगून घ्या."

मच्छिंद्र मटकन पायरीवर बसला. आता हा बोंबाबोंब करणार, गाव गोळा करणार असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं टोपी काढून घाम पुसला आणि एकदम मोकळं झाल्यासारखा हसला.

"तू सांगितलंस, मंग मीबी सांगतो," तो म्हणाला. "माझ्या छातीवर दगड हुता बग. माझ्या साळूचा डावा पाय अधू हाय. ल्हानपनी ताप आला आन पाय वाळला. आमी ठरीवलं हुतं, तुमी बगाया आला की तिला आदीच पाटावर बसवून ठिवायची, उठवायचीच न्हाई. बाकी पोरगी सोनं हाय. आता दोगांचंबी—"

"लं-लंगडी?" छगन म्हणाला. "न-न-न-नको. लंगडी न-नको. लं-लं-लंगडी..."

शब्द एकदा निघाला की छगनला मध्ये थांबता येत नसे. तो पुरा होईपर्यंत सगळ्यांना ऐकत बसावं लागलं, मच्छिंद्रालाही.

मच्छिंद्रानं टोपी घातली. "बरं," म्हणाला. पिशवी उचलली आणि फाट्याच्या वाटेला लागला.

हेडी जमिनीकडं बघत बसले. राधाकृष्ण मात्र फस्सकन हसला. गोजरबाई म्हणाली, "बरं झालं, सुटलो, लंगडी गळ्यात पडली असती." रंगुबाई भाकरीचं ताट घेऊन उभी होती. तिनं ते छगनपुढं आदळलं.

"गीळ! देवाच्या घरची वैरन हाय ती. तुज्यावानी माल म्या आजवर फुकट पोसला न्हाई. पर देवानं तरी तुला कदी नको म्हनलं का रं, भाड्या?"

छगननं भाकरीकडं पाहिलं. मग तो असा उठला की दावं हिसडलं आणि तो उताणा पडला. गाठ त्यानंच मारलेली, बैलाची गाठ, ती काही सुटेना. घाबऱ्याघुबऱ्या तो दातानं दावं चावायला लागला. शेवटी रंगुबाईनं विळा आणून दावं कापलं. तेव्हा तो पळाला, गळ्यात अर्धं दावं, घंटा वाजतेय, आणि वाटेतली माणसं बाजूला होतायत.

फाट्यावर मच्छिंद्र लिंबाखाली बसला होता. छगन धापा टाकत त्याच्यापुढं उभा राहिला.

"आता काय?" मच्छिंद्र म्हणाला. "माफी मागाया आलास व्हय? नको मागूस. तू पयला न्हाईस. असं म्हननारे लई बघितले तिनं."

"मा-माफी न्हाई," छगन म्हणाला. "नि-निरोप द्यायचाय. सांगा तिला. तिरळा हाय म्हनावं. त-तोतरा हाय. दात पुढं. आन..." जीभ इतकी अडली की मानेच्या शिरा फुगल्या. मच्छिंद्रानं घाई केली नाही. "आन लंगडी न-नको म्हनला, त्येबी सांगा. ती स-सगळ्यात मोठी खोड हाय. मला ठावं न्हवती. आजच क-कळली. लपवू नका."

मच्छिंद्र त्याच्या तोंडाकडं बघत राहिला.

"समदं सांगितल्यावर न्हाईच म्हनंल ती."

"म्हनू द्या. त-तिचा हक हाय. व्हय म्हनली तर मी येतो. पाटावर ब-बसवू नका तिला. चा-चालत येऊ द्या."

लांबवर एष्टीची धूळ दिसली. गाडी आली, थांबली. मच्छिंद्रानं एक पाय पायरीवर ठेवला आणि वळून विचारलं, "आन देवासंगं भांडत हुतास, त्याचं काय झालं?"

छगननं गळ्यातलं दावं हातात धरलं. घंटा वाजायची थांबली.

"आता को-कोनत्या तोंडानं भांडू?" तो म्हणाला.

कंडक्टरनं दोरी ओढली आणि गाडी नगरच्या दिशेनं निघून गेली.