लोरेडानाचा बहात्तरावा बाण

“मागच्या फेरीत भोकांना खुणा केल्या होत्या का?” पंचांनी अस्मिताला विचारलं.

लोरेडानाचा शेवटचा, बहात्तरावा बाण निशाणावर लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. तरीही तो आता खालच्या गवतात पडला होता. असा आपटून परत आलेला बाण मोजतात, पण आधीच्या प्रत्येक भोकाला पेनाची खूण असेल तरच. नाहीतर नवं भोक कुठलं, हे ओळखायचं कसं?

खुणा करायचं काम लोरेडानाची मदतनीस म्हणून आलेल्या अस्मिताचं होतं, आणि ती विसरली होती. मागच्या फेरीत लोरेडानाचे सहाही बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात लागले, तेव्हा अस्मितानं आनंदानं तिला मिठी मारली आणि त्याच भरात बाण उपटून टाकले. वास्तविक न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या क्लबात लोरेडानानं अस्मिताच्या हाती धनुष्याआधी पेन दिलं होतं. पुण्याची ही इंजिनीअर चाळिशीत हौस म्हणून आलेली, निशाण सोडून सगळीकडे बाण मारणारी. पण लोरेडाना कधी वैतागली नाही.

लोरेडाना एकोणिसाव्या वर्षी इटलीच्या संघात आली. दोनदा मोठ्या स्पर्धेला गेली, दोन्ही वेळा राखीव म्हणून. इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळून परतली. मग किवी नवरा, इकडचा संसार, त्याचं मरण, आणि रेस्ट होममधली नोकरी. म्हाताऱ्यांना उचलता उचलता उजवा खांदा कामातून गेला. पुढच्या महिन्यात ऑपरेशन होतं आणि त्यानंतर धनुष्य बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज न्यूझीलंडच्या संघाची निवड होती. या बाणाला सात गुण मिळाले तरी एक्कावन्नाव्या वर्षी ती पहिल्यांदा खरोखर खेळायला जाणार होती.

सकाळपासूनच्या रिमझिमीत जुन्या खुणांची शाईही पसरली होती. पंचांना अस्मिताच्या शब्दावरच विसंबायचं होतं.

“हो, केल्या होत्या,” अस्मिता म्हणाली आणि पिवळ्यातल्या एका भोकावर तिनं बोट ठेवलं. “हे नवं.”

पंच नऊ लिहिणार, तोच मागून लोरेडानाचा आवाज आला. “खुणा राहिल्या होत्या. शून्य लिहा.”

अस्मितानं तिचा दंड धरला, शब्द मागे घे म्हणून हलक्या आवाजात विनवलं. लोरेडानानं हात सोडवून घेतला.

“राखीव म्हणून बाकावर बसले, ती जागा माझी होती,” ती म्हणाली. “खोट्यानं मिळालेली ही नाही.”

हातातोंडाशी आलेला घास असा गेला. यादीत दुसऱ्याच मुलीचं नाव लागलं. अस्मितानं नवऱ्याला फोन केला, तर श्रीनाथ म्हणाला, चूक होते गं, सॉरी म्हण.

“सॉरी म्हणून खांदा परत येतो का रे तिचा?” ती म्हणाली आणि कारपार्कमध्येच रडली. आपण एका माणसाचं आयुष्यभराचं मागणं घालवलं, आणि वर त्याला खोटेपणाही चिकटवायला निघालो होतो, याची तिला भयंकर लाज वाटली.

डोळे पुसून ती वळली. लोरेडाना गाडीमागे धनुष्याची दोरी उतरवत होती. त्याला जोर लागतो. तिनं दोनदा प्रयत्न केला, पण बहात्तर बाणांनंतर उजवा हात छातीच्या वर जाईना. त्या धनुष्याला आजवर तिनं कुणालाही हात लावू दिला नव्हता. आता तिनं ते अस्मितापुढे धरलं.

अस्मितानं घाईघाईनं दोरीला हात घातला.

“सावकाश,” लोरेडाना म्हणाली. “आधी वरचं टोक.”