मधोमध आप्पाराव

तेलगावच्या वनमालाचं लग्न एका परदेशी माणसाशी ठरलं, तेव्हा भावकीला त्याच्या गोऱ्या रंगाचं फारसं काही वाटलं नाही. अडचण निराळीच होती. नवऱ्या मुलाला एकही चुलता नव्हता.

"मंग बैठकीत बोलायचं कुनाशी?" भावकीनं वनमालाच्या बापाला, धोंडीरामला विचारलं. "उद्या मानपानाचं काही झालं तर रुसायला तरी कुनी पायजे का न्हाई तिकडून?"

मग जातीचा विषय निघाला. तो धोंडीरामनं एकट्यानं मिटवला. मुलाचा बाप काय करतो, असं त्यानं वनमालाला विचारलं. शेती करतो, गाई आहेत, असं ती म्हणाली. जमीन किती, तर तेलगाव शिवारात कुणाचीच नसेल एवढी. धोंडीरामनं मान हलवली आणि भावकीत जाऊन सांगितलं, "त्यांच्यातले पाटीलच हायेत ते." भावकीनं सुटकेचा श्वास सोडला. गावातल्या गावात शेजारच्या आळीतला मुलगा वनमालानं पसंत केला असता, तर याच भावकीनं कोयते काढले असते. पण साता समुद्रापलीकडच्या जातीची चौकशी करायला तिकडं जाणार कोण?

मुलाचं नाव लुकास. ऊसतोडणीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचा तो माणूस. इकडच्या एका साखर कारखान्यात नवीन यंत्र चालू करून द्यायला आला आणि अख्खा हंगाम राहिला. वनमाला त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. लुकासच्या देशाचं नाव गावात कुणाला नीट घेता येईना, म्हणून सगळ्यांनी आपसात 'अमेरिका' यावर मिटवून टाकलं. सुरुवातीला लुकास मोबाइलवर नकाशा काढून दाखवायचा. पुढं त्यानंही नाद सोडला. त्याचं मराठी यंत्राच्या ड्रायव्हरांकडून शिकलेलं होतं. सासऱ्याला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्यानं वाकून पायाला हात लावला आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "काय चाललंय बे?"

वनमालाची माय, केशरबाई, तोंडाला पदर लावून आत पळाली.

बीडच्या नोंदणी कार्यालयात रीतसर नोटीस लागली, मुदत संपली, सह्या झाल्या, दाखला हातात आला. कायद्यानं लग्न झालं. पण मांडव टाकल्याशिवाय लग्न झालं असं तेलगावात कोण मानतो? मांडव पडला, आणि मांडवात आप्पाराव आले.

आप्पाराव कारखान्याचे माजी संचालक. एकदा विधानसभेला पडलेले आणि पुन्हा पडायच्या तयारीत असलेले. त्यांना आणलं वनमालाच्या धाकट्या भावानं, हनुमाननं. हनुमान त्यांचा कार्यकर्ता. म्हणजे त्यांच्या गाडीमागं मोटारसायकल पळवायची, त्यांचा वाढदिवस आला की चौकात फ्लेक्स बांधायचा आणि एरवी घरी कामाला हात लावायचा नाही, असं त्याचं काम. आप्पाराव आले ते थेट स्टेजवर चढले. त्यांनी लुकासला डावीकडं सारलं, वनमालाला उजवीकडं सारलं आणि मधोमध उभं राहून हात जोडले. फोटोग्राफरही त्यांच्याच जवळचा. मग माइक हातात घेऊन, परदेशी जावई आणून आपण मतदारसंघाचं नाव जगात नेलं, अशा अर्थाचं भाषण झालं. अक्षता मुठीत धरून लोकांचे हात घामेजले. लुकास खाली वाकून वनमालाला हळूच म्हणाला, "हे तुझे चुलते का?"

"गप," वनमाला म्हणाली.

सुट्टी संपली तसा लुकास परत गेला. आता वनमालानं पत्नीच्या व्हिसासाठी अर्ज करायचा आणि मागोमाग जायचं, एवढंच उरलं होतं.

दाखले, भाषांतरं, शिक्के, सगळं तिनं जमवलं. केमिस्टच ती, मोजूनमापून करायची सवय. पण यादीत एक कलम असं होतं की घरातल्या सगळ्यांनी ते आळीपाळीनं वाचायला लावलं. लग्न झाल्याचा दाखला पुरेसा नाही, संबंध खरा असल्याचे पुरावे जोडावेत.

"खरा म्हंजी?" धोंडीराम म्हणाला. "अख्खं गाव जेवलं की! खोटं लग्न आसतं तर येवढी बुंदी कावून पाडली असती?"

हनुमाननं तिला बीडला राधाकिशनकडं नेलं. राधाकिशन पूर्वी इंग्रजी बोलायचे क्लास घ्यायचा, आता परदेशी पाठवायचा. स्वतः कधी पुण्याच्या पुढं गेला नव्हता. त्यानं कोरा कागद समोर ओढला.

"पहिली भेट कुठं?"

"उसाच्या फडात," वनमाला म्हणाली. "मी नमुने घ्यायला गेलते. हे काळ्या रानात गुडघ्यापर्यंत फसलेले. एक बूट चिखलात गेलता, तो सोडायला तयार न्हाईत. मला वाटलं, येडा हाय."

राधाकिशननं पेन खाली ठेवलं. "ताई, असं कुठं प्रेम असतं का? कॉफी शॉप लिहू."

"तेलगावात कुठंय कॉफी शॉप?"

"त्यांना काय माहीत? पाऊस पडत होता, तुमच्याकडं छत्री नव्हती, त्यांनी छत्री धरली. हे पास होतंय. मागच्या सगळ्यांचं झालंय."

"सगळ्यांना हेच लिहून देता?"

"छत्रीचा रंग बदलतो," राधाकिशन म्हणाला. त्याला आपण थट्टेचं काही बोललो असं वाटलंच नाही.

वनमाला उठली. घरी येऊन तिनं फडाची, चिखलाची आणि बुटाची हकिकत आहे तशी लिहिली, लग्नाचे फोटो जोडले आणि फाईल रवाना केली.

बरीच वाट पाहिल्यानंतर वकिलातीचा मेल आला. भाषा अतिशय सभ्य होती. अर्जदारानं पाठवलेल्या सर्व छायाचित्रांत पती आणि पत्नी यांच्या मधोमध एक प्रौढ पुरुष उभा दिसतो. काहींत त्यानं अर्जदाराचा दंड धरलेला आहे. पती बहुतेक ठिकाणी अर्धवट दिसतो. एका छायाचित्रात तर तो हाच पती आहे का, हे ठरवता येत नाही. तरी सदर पुरुषाचं अर्जदाराशी नातं काय, हे स्पष्ट करावं.

वनमालानं मेल मराठीत सांगितला. धोंडीरामला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग कुणावर रागवावं ते कळेना.

हनुमान मात्र खूश झाला. "आप्पांचा फोटो वकिलातीत गेला म्हन की! थांब, मी पत्रच आनतो त्यांचं."

पत्र दुसऱ्या दिवशी आलं. लेटरहेडवर आप्पारावांचा हसरा चेहरा आणि खाली मजकूर. सदर मुलगी माझ्या परिचयाची असून तिची वागणूक चांगली आहे. तरी तिला त्वरित व्हिसा द्यावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.

"आंदोलन?" वनमालानं विचारलं.

"त्या कॉम्प्युटरवाल्याकडं शेवटची ओळ सगळ्या पत्रांना तीच आसती," हनुमान म्हणाला. "रस्ता आसो, पानी आसो."

तोडगा केशरबाईनं काढला. लुकास थोड्या दिवसांसाठी येणार होता. तो आला की पुन्हा शालू नेसायचा, पुन्हा मुंडावळ्या बांधायच्या, जवळची माणसं बोलवायची आणि नीट फोटो काढायचे. वनमालाला ते पटेना. खरं लग्न खरं दिसावं म्हणून खोटं लग्न लावायचं! पण दुसरं काही सुचतही नव्हतं. "निदान लग्नाचे म्हणून न्हाई द्यायचे," तिनं बजावलं. "तारीख आजचीच लिहायची. घरच्यांसोबतचे फोटो म्हणूनच."

लुकास आला. अंगणात सतरंजी टाकली, फोटोला धारूरहून दुसरा माणूस बोलावला. केशरबाईनं जावयाच्या डोक्याला फेटा बांधला. आणि तेवढ्यात दाराशी आप्पारावांची गाडी थांबली.

वनमालानं भावाकडं बघितलं. हनुमान चपलेकडं बघत होता. एवढी मोठी बातमी त्याच्या पोटात राहणं शक्यच नव्हतं.

आप्पाराव हसत आले, जोडे न काढता सतरंजीवर चढले. सवयीनं त्यांचा एक हात लुकासच्या छातीवर गेला, दुसरा वनमालाच्या दंडावर, आणि ते मधे शिरले. "काढा," ते फोटोग्राफरला म्हणाले.

"आप्पा," वनमाला म्हणाली, "बाजूला व्हा."

"अगं पोरी, मी तुज्या बापासारखा..."

"बाप हितं उभा हाय. नवरा बी हितंच हाय. तुमी कोन? मला सायबानं लिहून विचारलंय, ह्या मानसाचं तुझ्याशी नातं काय. मी काय लिहू, सांगा."

आप्पारावांना आजवर पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते, पण उत्तर द्यावं लागेल असा एकही नव्हता. ते हसले. हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून सतरंजीवरून उतरले. धोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरगी शिकली तुमची. चांगलं झालं. तोड कवा हाय तुमच्या उसाला?"

धोंडीरामचा चेहरा उतरला. या प्रश्नाचा अर्थ तिथं एकट्या लुकासला कळला नाही. आप्पाराव आता संचालक नसले, तरी कुणाच्या फडात ऊसतोडीची टोळी कधी जायची, हे त्यांच्याच घरी बसून ठरायचं.

गाडी गेली. वनमालाला वाटलं, आबा आता आपल्यालाच बोलतील. घरात बापाला सगळे आबाच म्हणायचे. पण धोंडीराम टोपी सारखी करून जावयाशेजारी येऊन थांबला आणि फोटोग्राफरला म्हणाला, "काढ बे आता."

मुलाखत मुंबईला झाली. वनमाला समोर आणि लुकास तिकडून स्क्रीनवर, पण दोघांना वेगवेगळं विचारलं. समोर बसलेली बाई तरुण होती. चेहरा असा, की रोज शंभर जणांवर अविश्वास दाखवून तो दमला असावा. वनमालाला वाटून गेलं, लुकास पहिल्यांदा इकडं आला तेव्हा त्याच्या यंत्राचे कागद बघितले असतील, पासपोर्टावर शिक्का मारला असेल. तुझं नक्की कुणावर प्रेम आहे आणि ते खरं कशावरून, हे त्याला कुणी विचारलं नाही. तो प्रश्न फक्त एकाच दिशेनं जाणाऱ्यांना होता.

"छायाचित्रातले गृहस्थ कोण?"

"कुणी नाही."

"मग ते प्रत्येक छायाचित्रात का आहेत?"

"आमच्याकडं ते सगळ्यांच्याच लग्नात मधे असतात," वनमाला म्हणाली. "मयतीला गेले तर तिथंही मधेच उभे राहतात. तुमच्याकडं असे नसतात का?"

बाई टाईप करताना क्षणभर थांबली.

मग पहिली भेट. वनमालानं सांगितलं, मी ट्रॅक्टर बोलावला, दोर बांधून ह्यांना बाहेर ओढलं, आणि बूट शेवटपर्यंत सापडला नाही. बाईनं कागद उलटला. "तुमचे पती म्हणतात, ते स्वतःच बाहेर आले. बूटही काढला. तुम्ही बांधावर उभ्या राहून फक्त ओरडत होतात."

"खोटं बोलतात!" वनमालाचा आवाज चढला. "स्वतः? त्या चिखलातून? त्यांना विचारा, मग एका पायात ट्रॅक्टरवाल्याची चप्पल घालून कारखान्यावर कोण गेलं होतं?"

बाहेर येईपर्यंत तिला कळून चुकलं की सगळं संपलं. दोन जबाब, दोन हकिकती. राधाकिशनची छत्री बरी होती. तिनं तिथंच फुटपाथवर उभं राहून लुकासला फोन लावला.

"तुमी सायबासमोर मला ओरडणारी म्हणालात?"

"लई ओरडत होती तू," लुकास म्हणाला.

"आणि ट्रॅक्टर?"

"ट्रॅक्टर उशिरा आला. मी आधीच अर्धा बाहेर."

"अर्धा!"

भांडण चर्चगेटपर्यंत पुरलं. जाणारे येणारे वळून बघत होते. वकिलातीतल्या माणसांनी खिडकीतून डोकावलं असतं, तर त्यांना आणखी कागद मागायची गरज पडली नसती.

व्हिसा मंजूर झाला. कारण कुणीच कळवलं नाही. नामंजूर झाला असता तर चार पानं कारणं आली असती. राधाकिशननं मात्र आपल्या दारावरच्या पाटीवर वनमालाचा फोटो चिकटवला आणि खाली 'आमचे यश' असं लिहिलं.

आप्पारावांनीही आपला शब्द पाळला. शिवारातले सगळे फड मोकळे झाले, धोंडीरामचा ऊस उभाच राहिला. त्याला तुरे आले, पाचट वाळून खडखडायला लागलं. वनमालानं जायचं पुढं ढकलते म्हटलं, तेव्हा धोंडीराम चिडला.

"ऊस का तुज्या व्हिसावर हाय? ऱ्हाऊ दे उभा. वैरणीला जाईल. तू निघ."

ती गेल्यावर शेवटी एका परक्या टोळीच्या हातापाया पडून त्यानं तो तोडून घेतला. वजन निम्मं भरलं. केशरबाईनं लेकीला फोनवर ते सांगायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद देऊन ठेवली, आणि पुढं स्वतःच सांगितलं.

निघायच्या दिवशी हनुमान तिला गाडीनं मुंबईला सोडायला निघाला. वडवणी मागं पडली तेव्हा म्हणाला, "आप्पांनी मला ग्रुपमधून काढलं."

"कधी?"

"फोटोच्या दिवशीच. गाडीत बसल्या बसल्या."

"मग इतके दिवस मोटारसायकल घेऊन जातोस कुठं रोज?"

हनुमाननं गिअर बदलला. "फडात," तो म्हणाला. "आबासंगं. वैरणीच्या मोळ्या बांधत होतो. सांगू नको कुनाला."

वनमाला खिडकीबाहेर बघत हसली. मग तिचे डोळे भरून आले, ते तिनं पुसले आणि पर्स उघडून पासपोर्ट आहे का ते बघितलं. होता.