आंघोळ घालून जा

“धन्या लई हसाय लागलाय. त्याच्याकडं बघ गं जरा,” मोतीबाई म्हणाली होती.

हर्षलाने सासूचं बोलणं उडवून लावलं. ती कर्जतच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकलेली. कुठला स्वभाव धक्का पचवतो आणि कुठला मोडतो, हे तिला पाठ. चिंता करणारा मोडतो, म्हणजे ती स्वतः. पोरीला शिंक आली तरी हिच्या छातीत धडधड. चारचौघांत रमणारा, जबाबदारी घेणारा तरतो, म्हणजे नवरा, धनेश.

धनेश पोशीर गावचा पट्टीचा पोहणारा. पिकनिकला आलेलं कुणी बंधाऱ्यात बुडालं की पोलीस पाटील त्यालाच बोलवायचे. गेल्या आखाडात त्याने तीन-चार वर्षांची एक मुलगी वर काढली. फार उशीर झाला होता. घरी आल्यावर तो अंगणातच ऊन पाण्याने न्हाला आणि आत येऊन त्याने विचारलं, “कालवण काय हाय?” पाण्यातलं उंबऱ्याच्या आत बोलायचं नाही, ही सासऱ्यांपासूनची रीत.

त्यानंतर नाक्यावर त्याचे विनोद वाढले. हळदीला सगळ्यात शेवटपर्यंत नाचणारा तोच. लोक म्हणायचे, वाघाचं काळीज. फक्त रोज लेकीला, अंतराला, आंघोळ घालायचा, ते त्याने सोडलं. म्हणे, कंबर धरलीय. भाताच्या गोणी मात्र एकटा उचलायचा. हर्षलाला हे खुपत होतं. पण तिला काय, सगळंच खुपतं.

यंदा श्रावणातल्या रविवारी दुपारी पाटलांचा फोन आला. सकाळी बुडालेला मुलगा अजून सापडत नव्हता.

“निघालो! चहा टाकून ठेवा तिकडं,” धनेश मोठ्याने हसला. दोर खांद्यावर घेतला, कमरेला गाठ मारू लागला. गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. डोळे झाकूनही जमणारी गाठ.

हर्षला दारात आडवी उभी राहिली. “अहो, जाऊ नका.”

“झालं हिचं सुरू! आये, सांग गं हिला. ही बादलीतल्या पाण्यालापण भिते.”

मोतीबाई त्या सुटलेल्या गाठीकडे बघत होती.

चिखलाने माखलेली अंतरा मोरीत उघडी बसली होती. “बरं, जा. पण पोरीला आंघोळ घालून जा.”

“आता? येडी हायस का? माणसं खोळंबलीत तिकडं.”

“दोन तांबे तर घालायचेत.”

तो चिडून मोरीत गेला. तांब्या बुडवला, अंतराच्या डोक्यावर ओतला. पोरीने सवयीने डोळे मिटले, मान मागे टाकली. ओले केस कपाळाला चिकटले.

धनेशचा हात तिथेच थांबला.

“डोळे उघड,” तो म्हणाला.

अंतराला गंमत वाटली. तिने डोळे अजून घट्ट मिटले.

“डोळे उघड गं! उघड ना!” तो ओरडला. तांब्या फरशीवर आपटला. पोर दचकून रडायला लागली तशी त्याने तिला छातीशी आवळली आणि तसाच ओल्यात बसला. दोर अजून खांद्यावरच होता. दात वाजत होते, जसा काही तोच पाण्यातून निघालाय.

पाटलांचा फोन पुन्हा वाजला. हर्षलाने घेतला. “पाटीलकाका, हे येणार नाहीत.”

“काय झालं गं? ताप हाय का?”

ताप म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. “नाही. गेल्या वर्षीची ती मुलगी यांच्यातून निघाली नाही अजून. दुसरं कुणीतरी बघा.” आवाज कापत होता, पण वाक्य पुरं केलं.

मोतीबाई मोरीच्या तोंडाशी येऊन बसली. पोरीला तिने कोरड्या लुगड्यात घेतलं. “बोल रं बाबा,” ती म्हणाली. “हितंच बोल. घरात.”

धनेश बोलला. तुटक, मधेच थांबत. उद्या कर्जतच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. त्याला तो ‘बघू’ म्हणाला, आणि हर्षला त्यावर अजिबात विसंबलेली नाही.

बंधाऱ्यात शेवटी गावातला दुसरा पोहणारा, साईनाथ, उतरला. मुलगा त्यानेच काढला. साईनाथ एकटा राहतो. धनेश जरा सावरला की साईनाथकडेही जाऊन यायचं, असं हर्षलाने ठरवलंय.

तुमच्या गावातही असा कुणीतरी असेल, पाण्यात उतरणारा, अपघाताला धावणारा. आज त्याच्याकडे जाऊन याल का? कसा आहेस म्हणून विचारा, आणि “एकदम मस्त” म्हणाला तर लगेच उठू नका. थोडं बसा.