अकरा फसलेली पाती

निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना गुरुराजांनी शाल्मलीच्या हातातलं पातं घेतलं आणि उलटं करून पाहिलं. जेट इंजिनातलं, बोटभर लांबीचं पातं. ते एकाच अखंड स्फटिकाचं असावं लागतं, नाहीतर इंजिनातल्या आगीत टिकत नाही. हे तपासणीच्या आम्लातून काढलं तेव्हा बुडाशी, डाव्या कोपऱ्यात, नखाएवढा फिकट डाग उमटला होता. म्हणजे तिथे दुसरा स्फटिक घुसला होता.

"सेम जागा, सर. हे अकरावं," शाल्मली म्हणाली. पुण्याहून या प्रयोगशाळेत येऊन तिला दोन वर्षं झाली होती. त्यातले सात महिने या डागानेच खाल्ले होते.

गुरुराजांच्या तो डाग ओळखीचा होता. सोळा वर्षांपूर्वी, याच भट्टीवर, हाच कोपरा. तेव्हा साचे बनवणाऱ्या गिरीराजने काहीतरी करून तो घालवला होता. पुढे पाती परदेशातून आणायचं ठरलं, काम बंद पडलं, आणि गिरीराजही वारला. हे त्यांनी शाल्मलीला सांगितलं.

"तेव्हाची खराब पाती कुठेयत? डाग कसा कमी होत गेला ते कळेल," तिने विचारलं.

"वितळवली."

"कोणी?"

"मीच. कमिटी येणार होती की."

इथली रीतच होती ती. दिल्लीहून समिती येणार म्हटलं की फसलेली पाती भट्टीत जायची, त्यांच्या नोंदी रद्दीत, आणि टेबलावर एकच चकचकीत पातं मांडलं जायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची! आपल्याला इंजिन का जमत नाही यावर भाषणं ठोकणारे पुष्कळ, पण आपल्याच चुका वितळवून टाकल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न होणार, हे सांगायला भाषण कशाला हवं?

समिती उद्या यायची होती. मुदत वाढवायची की पाती पुन्हा बाहेरूनच आणायची, हे ती ठरवणार होती. शाल्मलीने ट्रे उचलला. "मेल्टला देऊ?"

राजाजीनगरला घरी जाऊन पांघरूण ओढून पडावं, एवढंच गुरुराजांना वाटत होतं. नऊ दिवस गप्प राहिलं की हार-तुरे ठरलेलेच होते. पण या पोरीलाही आपण तेच शिकवलं, याची त्यांना लाज वाटली.

"स्वल्प, जरा थांब," ते म्हणाले. "चिठ्ठ्या आण."

दुसऱ्या दिवशी टेबलावर अकरा पाती ओळीने होती. प्रत्येकाला चिठ्ठी: तारीख, साच्याची जागा, डागाचं माप.

"यातलं चांगलं कोणतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकही नाही," गुरुराज म्हणाले.

वर्षाची मुदत मागितली होती, तीन महिने मिळाले. संचालकांनी गुरुराजांशी बोलणं टाकलं. पण पाती ओळीने मांडल्यावर शाल्मलीला एक गोष्ट दिसली होती: साचा भट्टीच्या दाराकडे जितका सरकलेला, तितका डाग मोठा. तो कोपरा आधी थंड होत होता.

शेवटच्या दिवशी चार्ज देण्याची यादी झाली. भट्टी एक, कपाटं दोन, खुर्च्या चार. खाली शाल्मलीने लिहिलं: खराब पाती, चौदा.

मधल्या दिवसांत आणखी तीन ओतली होती; चौदाव्यावरही डाग होता, पण तांदळाएवढा. गुरुराजांनी ते उजेडात धरलं.

"कशाने कमी झाला, ते लिहिलंस?"

"लिहिलंय, सर. कोपऱ्याला ऊब धरून ठेवणारी पट्टी गुंडाळली."

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, पातं तेराव्याच्या शेजारी ठेवलं आणि यादीवर सही केली.