अडकलेली बोट

मित्रांनो, मी एक जुनं समूहगीत आहे. माझं मूळ सांगायचं तर ते नदीकाठच्या एका लाँड्रीत. तिथे दोघी बहिणी भिजलेली ब्लँकेटं पिळायच्या. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि गात गात उलटसुलट पीळ द्यायचा. गाणं थांबलं की हात थांबतात, म्हणून गाणं थांबू द्यायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता.

त्यांचा भाचा ते ऐकतच वाढला. पुढे तो गायनमास्तर झाला आणि मावश्यांच्या गाण्यावरून त्याने मला बांधलं. बायकांचे आवाज वर, पुरुषांचा खर्ज खाली, मधेमधे टाळ्या. माझी शेवटची ओळ तर काय विचारता! 'सोड गं सोड, बोट अडकली!' ती आली की सगळे डोळे मिटून गायचे. संसाराच्या प्रवाहात जिवाची नाव अडकली, असा अर्थ जाणकारांनी लावला. मला आपला उगाच भाव चढला.

मग दिवस फिरले. नवी गाणी आली आणि माझे कागद कपाटात गेले. तिथे फक्त वाळवीने माझी विचारपूस केली. तीही समासापासून खात खात.

यंदा मास्तरांच्या निरोपाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा त्यांनी मला बाहेर काढलं. आदल्या दिवशीच्या तालमीला त्यांची थोरली मावशी आली. धाकटी काही वर्षांपूर्वीच गेली होती. शेवटची ओळ ऐकली आणि मावशी हसत सुटली.

"अरे वेड्या, ती बोट नव्हे रे, हे बोट!" तिने हाताचं बोट नाचवलं. "ब्लँकेटाच्या पिळात धाकटीचं बोट सापडलं होतं. ती बोंबलली, 'सोड गं, बोट अडकलं!' आणि तू ते गाण्यात घातलंस?"

सगळा गायकवर्ग खो खो हसला. लाँड्रीसमोरून बोटी जायच्या, त्यामुळे मास्तरांना बोटच ऐकू आली होती. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"उद्या लोक हसतील," ते म्हणाले. "हे गाणंच नको."

पुन्हा ते कपाट! पण मावशीचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"खबरदार काढलंस तर! धाकटीचे फोटो आहेत माझ्याकडे, पण तिची हाक कुठे आहे? एवढीच उरली आहे, तुझ्या गाण्यात. 'अडकली'चं 'अडकलं' कर आणि बाकीचं तसंच राहू दे."

मास्तरांनी पेन्सिल घेतली, 'ली' खोडलं आणि 'लं' लिहिलं. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी डोळे उघडे ठेवून, खणखणीत आवाजात गायलं, "सोड गं सोड, बोट अडकलं!" आणि ते थांबले. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या मावशीने दोन्ही मुठी उघडल्या आणि ती मोठ्याने म्हणाली, "सोडलं गं बाई, सोडलं!"

कोणीही हसलं नाही. मास्तरांनी डोळे पुसले आणि शांतपणे हात खाली घेतला.

तेव्हापासून माझी शेवटची ओळ ऐकणाऱ्यांकडे असते. मित्रांनो, मला कपाटात कोंडू नका, गात राहा. आणि माझे सूर कुठे कानावर आले, तर नुसत्या टाळ्या वाजवून उठू नका. कोणा धाकटीचं बोट अडकलंय. आधी तिला 'सोडलं' म्हणा.