पाठ केलेली अक्षरं

त्या रविवारी व्हॅनमध्ये शेवटच्या रांगेत जागा नव्हती, म्हणून ती सासऱ्यांच्या अगदी पाठीमागच्या सीटवर बसली, आणि तिथेच तिला ते समजलं.

चर्चची व्हॅन सासरे चालवायचे. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाल्यावर दर रविवारी अकरा म्हाताऱ्या माणसांना घरून उपासनेला आणायचं आणि परत सोडायचं हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. सगळे त्यांना कप्तान म्हणत. शेजारच्या सीटवर शिंपीण आजी बसायची. तिची अखंड बडबड चाले आणि कुणी ती मनावर घेत नसे.

"लाल आहे हो," आजी म्हणाली, आणि मग व्हॅन थांबली.

"डावीकडे सायकल." व्हॅन उजवीकडे सरकली.

"झालं, हिरवा. चला."

सून कान देऊन ऐकू लागली. आजी बडबडत नव्हती. आजी बघत होती आणि कप्तान नुसतं चाक फिरवत होते.

ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला होती. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, गरज वाटली तर डॉक्टरकडे पाठवायचं, हेच तिचं दिवसभराचं काम. आणि घरातल्या माणसाचं तिला असं मागच्या सीटवरून समजलं.

सोमवारपासून तिचं कशात लक्ष लागेना. पहाटे चहा उकळेपर्यंत ती स्वयंपाकघरात पवित्र शास्त्र उघडून बसायची आणि शहाणपण मागायची. मागितलं तर मिळतं, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण एका पानावर जिभेला आवर घाल असं निघायचं आणि दुसऱ्या पानावर खरं बोल. वडीलधाऱ्यांचा मान राख, हे तर पाठच होतं. चहा उतू जायचा, ती ओटा पुसायची आणि कामावर निघायची. मंगळवारी तर तिने डोळे मिटून सरळ मागितलं, "प्रभू, व्हॅनच बिघडू दे." मग स्वतःचीच लाज वाटून तिने आमेन न म्हणताच डोळे उघडले.

नवरा म्हणाला, "बाबांना काही बोलू नकोस. व्हॅन गेली तर ते खचतील. चर्चच्या पाळकांना गुपचूप सांग, ते काढतील काहीतरी मार्ग."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती चर्चमध्ये गेली. पाळक शिडीवर चढून दिवा बदलत होते. तिने खालूनच सगळं भडाभडा सांगितलं.

पाळक दिवा हातात घेऊन खाली उतरले. "त्यांच्याशी बोललीस?"

"नाही."

"मग आधी माझ्याकडे कशी आलीस?"

ती शिडीची पायरी नखाने खरवडू लागली.

"हे बघ," ते म्हणाले, "अकरा जीव आहेत आणि रस्त्यावरचे वेगळे. शनिवारी संध्याकाळी मी किल्ली मागून घेणारच. पण त्याआधी त्यांना हे कुणीतरी आपल्या माणसाने तोंडावर सांगितलेलं बरं."

"मला शब्द सुचत नाहीत. रोज प्रार्थना करते."

"शब्दांसाठी थांबली आहेस की हिंमत नाही म्हणून?"

तिला राग आला. दुकानापर्यंतच्या वाटेवर ती मनातल्या मनात पाळकांशी भांडत राहिली. वळणावर आल्यावर मात्र ती थबकली. वर्षभरापूर्वी सासरे दुकानात तपासायला आले होते. तक्त्यावरची अक्षरं त्यांनी घडाघडा म्हटली होती, इतकी भरभर की तिला तेव्हाच शंका आली होती. बाहेर तीन माणसं ताटकळत होती. "छान दिसतंय," ती म्हणाली होती आणि त्यांना वाटेला लावलं होतं.

चार दिवस ती जे टाळत होती ते बाबांचं गुपित नव्हतं, तिचं स्वतःचं होतं.

शुक्रवारी तिने त्यांना दुकानात बोलावलं. ते खुर्चीत ऐटीत बसले आणि वरपासून खालच्या बारीक ओळीपर्यंत न अडखळता वाचून गेले. तिने भिंतीवरचा तक्ता काढला आणि दुसरा लावला.

"आता वाचा."

ते पुढे झुकले. पहिलं मोठं अक्षर सांगितलं. पुढचं जमेना.

"हा कुठला तक्ता?"

"दुसरा, बाबा. हा तुम्ही पाठ केलेला नाही."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "मला शहाणपण शिकवतेस? तू या घरात येण्याआधीपासून बस चालवतोय मी! एक ओरखडा नाही कधी!"

"मागच्या वर्षीच मला शंका आली होती," ती म्हणाली. "घाईत होते म्हणून बोलले नाही. छान दिसतंय म्हटलं. ते खोटं होतं. चूक माझीपण आहे."

ते तिच्याकडे बघत राहिले. तिचा चेहरा त्यांना कितपत दिसत होता कोण जाणे. मग उठले, दाराची चौकट हाताने चाचपली आणि निघून गेले.

शनिवारी सकाळी उठून बघते तर सासरे घरात नाहीत. फोन टेबलावरच. दुपार झाली तरी पत्ता नाही. ती खिडकीशी जायची, जिना उतरायची, पुन्हा वर यायची. नवरा नाक्यापर्यंत शोधून आला. "सांगितलं होतं ना बोलू नकोस म्हणून," तो म्हणाला, आणि तिने ते ऐकून घेतलं.

ऊन कलल्यावर सासरे आले. धुळीने माखलेले बूट त्यांनी दारातच काढले.

"अकराही घरी जाऊन आलो, पायी," ते म्हणाले. "उद्यापासून व्हॅन मी चालवणार नाही म्हणून सांगितलं. ज्यांनी कारण विचारलं त्यांना कारणही सांगितलं. किल्ली पाळकांना दिली."

"आणि शिंपीण आजी?"

"रडली. मग मलाच झापलं, इतके दिवस तिचा जीव टांगणीला लावला म्हणून." ते आत गेले. पुढचे चार दिवस सुनेशी त्यांचं बोलणं मीठ दे, पाणी दे, एवढंच.

बुधवारी ती त्यांना घेऊन डोळ्यांच्या इस्पितळात गेली. डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, शस्त्रक्रियेने बरंच सुधारेल. उजव्यात त्याखेरीज काचबिंदूही. त्यातली गेलेली नजर परत येणार नाही. वर्षभर आधी आले असते तर बरीच वाचली असती.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "बाबा, माफ करा."

"पाठ करून मी आलो होतो," ते म्हणाले. "सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस. पण निम्मं तुझं आहे, ते राहू दे."

तिने मान हलवली. मन शांत झालं नव्हतं. पण आठवडाभरात पहिल्यांदाच तिला त्यांच्याजवळून उठून कुठेतरी पळून जावंसं वाटत नव्हतं.

परिचारिकेने शस्त्रक्रियेचे कागद आणून दिले. सून सही करायची जागा शोधू लागली तसं त्यांनी तिचं मनगट धरलं.

"आधी वाच. मोठ्याने. गाळू नकोस काही."

तिने डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.